बीड रोडवरचे सात फूट

रविवार, २५ एप्रिल १९९३, रात्री एकच्या सुमारास. छत्तीस तास आधी

अमृतसर विमानतळावर अंधारात इंडियन एअरलाइन्सचं एक बोइंग उभं आहे. शनिवारी दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं हे विमान वाटेत एका माणसाने पळवलं. आता राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो आत शिरतात. काही मिनिटांत अपहरणकर्ता कोसळतो आणि सगळे प्रवासी सुखरूप सुटतात.

रविवारी दिवसभर देशात दुसरा विषय नव्हता. मुंबईच्या बॉम्बस्फोटांना जेमतेम दीड महिना झाला होता. जानेवारीत वैमानिकांच्या संपाच्या दिवसांत भाड्याने आणलेलं एक तुपोलेव्ह दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटलं होतं. त्यातली माणसं वाचली होती. त्या उन्हाळ्यात विमानाची भीती म्हणजे पिस्तूल, बॉम्ब नाहीतर धुकं. जो तो प्रवाशांच्या बॅगा आणि खिसे बघत होता. धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्याकडे बघायचं कुणाच्या मनात यावं असं काही कारणच नव्हतं.

सोमवार, २६ एप्रिल, सकाळी ६. सात तास

या गोष्टीत एक विमान आहे आणि एक ट्रक. ट्रकबद्दल मला विमानापेक्षा जास्त कळतं, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

आमचं उंद्री चिखली तालुक्यातलं, चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव. खामगाव ही कापसाची जुनी पेठ. माझे एक काका तिथे जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होते. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो आणि गाठी भरताना बघत बसायचो. सरकीतून सुटलेली रुई प्रेसमध्ये पडते तेव्हा तिच्यात हात कोपरापर्यंत बुडतो. वरून दाब बसतो, लोखंडी पट्ट्या आवळल्या जातात, बारदान चढतं आणि १७० किलोची गाठ बाहेर येते. त्या गाठीत बोटसुद्धा जात नाही. काकांनी एकदा माझी मूठ धरून गाठीवर आपटली. ठण्ण लागलं. "बाबू, हा आता कापूस नाही राह्यला," ते म्हणाले, "दगड झाला."

हमाल आकडे मारून गाठ ओढतात, फळीवरून हौदात चढवतात. पहिला थर फाळक्याच्या आत बसतो, दुसरा फाळक्याच्या वर येतो. त्यावर कधी तिसरा. पन्नास-साठ गाठी झाल्या की नऊ-दहा टन माल होतो. मग ताडपत्री, दोर, दोराला पीळ. असा भरलेला ट्रक लांबून ढिगासारखा मऊ दिसतो, पण तो रस्त्यावरून चालणारी भिंत असतो. त्या काळी कापसाच्या हंगामापासून ऐन उन्हाळ्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्याच्या रस्त्यांवर या भिंती रात्रंदिवस चालत असत. त्या सकाळीही चालत होत्या.

सकाळी ८. पाच तास

इंडियन एअरलाइन्सचं उड्डाण क्रमांक ४९१. दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई असा त्याचा मार्ग. हा पर्यटकांचा मार्ग आहे: जयपूरचे महाल, उदयपूरची तळी, मग अजिंठा-वेरूळ. त्यात औरंगाबादचे उद्योजक, अधिकारी, मुंबईला कामाला जाणारी माणसं बसत. आम्हा बुलडाणेकरांनाही विमान म्हटलं की औरंगाबादच. चिखली, देऊळगाव राजा, जालना असं करत एसटीने गेलं की शहर लागायच्या आधी जालना रोडवर चिकलठाण्याला डाव्या हाताला विमानतळ येई आणि एसटीतली पोरं खिडकीकडे धावत. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. त्या दिवसाच्या कागदांत औरंगाबाद आहे, म्हणून इथेही तेच ठेवतो.

विमान बोइंग ७३७-२००, नोंदणी व्हीटी-ईसीक्यू. १९७४ सालचं, म्हणजे एकोणीस वर्षं वापरातलं. हे वय ऐकून दचकायचं कारण नाही. विमानाचे भाग ठरल्या तासांनी बदलले जातात आणि नीट सांभाळलेलं एकोणीस वर्षांचं विमान धडधाकट असतं. त्या दिवशी जे घडलं त्याचा दोष चौकशीत विमानाच्या म्हातारपणावर आला नाही.

सकाळी १०. तीन तास

विमान अजून औरंगाबादला यायचं आहे. तोवर धावपट्टीच्या पूर्व टोकाला उभं राहून बघू.

डांबर संपतं. मग थोडी मोकळी जमीन. आणि धावपट्टीच्या टोकापासून सुमारे चारशे फुटांवर, तिला आडवा, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा बीड रोड. जालना रोड सोडून बीडकडे निघालेली एसटी, टँकर, ट्रॅक्टर, कापसाचे ट्रक या रस्त्याने जातात. विमान पूर्वेकडे उडालं की या रस्त्यावरूनच जाणार.

हा रस्ता कुणाचा? विमानतळ राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाचा. हे प्राधिकरण १९८६ साली सुरू झालं. देशांतर्गत विमानतळ आणि विमानांचं हवाई नियंत्रण त्याच्याकडे. नियम करणारं आणि बघणारं खातं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. विमान इंडियन एअरलाइन्सचं. रस्त्यावरची वाहनं ज्याची त्याची. विमान उडताना या रस्त्यावरची वाहतूक आवरायला हवी, हे समजायला अभियंता असावं लागत नाही. आमच्याकडे रेल्वेचं फाटक पाहिलेल्या कुठल्याही पोराला ते कळतं. आगगाडी यायची असली की फाटकवाला झेंडा घेऊन बाहेर येतो, फाटक पडतं आणि दोन्हीकडे बैलगाड्यांची रांग लागते. तिथे कुणी विचारत नाही की रस्ता कुणाचा आणि रूळ कुणाचे. तो प्रश्न आधीच कागदावर सुटलेला असतो, म्हणून फाटकवाल्याला पगार मिळतो.

कायदा काय म्हणत होता? १९३४ चा विमान अधिनियम आणि १९३७ चे विमान नियम, हे दोन जुने ग्रंथ. अधिनियमात नंतर घातलेलं कलम ९-अ मला फार महत्त्वाचं वाटतं. विमानतळापासून वीस किलोमीटरच्या आत ठरावीक उंचीपेक्षा वर इमारत बांधायला किंवा झाड लावायला केंद्र सरकार मनाई करू शकत होतं, वाढलेलं उतरवूही शकत होतं. यात मनोरा आला, पाण्याची टाकी आली, चिंचेचं झाड आलं. चालता ट्रक यात बसत नाही. तो इमारत नाही आणि झाडही नाही. तो बारा वाजता तिथे नसतो आणि एक वाजून सहा मिनिटांनी असतो.

आणखी एक गोष्ट. त्या काळी सरकारच्या स्वतःच्या विमानतळांना आजच्यासारखी तपासणी होऊन परवाना घ्यावा लागत नव्हता. सरकारने धावपट्टी बांधली, सरकारी प्राधिकरणाने चालवली, सरकारी कंपनीने विमान उडवलं. घरचंच सगळं असल्यामुळे परक्याने येऊन टोकापर्यंत चालत जावं, टेप लावावी आणि विचारावं, "या चारशे फुटांपलीकडे जो रस्ता आहे, त्यावरच्या ट्रकला विमान उडताना कोण थांबवतो? त्याचं पद काय? तो आजारी पडला तर कोण?" अशी वेळच आली नाही.

दुपारी १२. एक तास

ऊन. एप्रिलअखेर मराठवाड्यात दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. आमच्याकडे या वेळेला वखरणारा माणूस बैल सोडून झाडाखाली बसतो. बैलालाही दम लागतो.

विमानालाही लागतो, आणि हे शब्दशः खरं आहे. तापलेली हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांवर उचल कमी मिळते आणि इंजिनालाही कमी हवा मिळून जोर कमी पडतो. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा मुळातच थोडी पातळ. दोन्हीचा हिशेब मांडला तर चाळीस अंशांच्या दुपारी तिथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा जवळजवळ सातवा हिस्सा विरळ होते. आता विमानाला उचल मिळवायला जास्त वेग हवा, तो वेग गाठायला जास्त अंतर हवं. म्हणजे जी धावपट्टी डिसेंबरच्या सकाळी ऐसपैस, तीच एप्रिलच्या दुपारी आखूड. डांबर तेवढंच असतं.

त्यासाठीच प्रत्येक उड्डाणाआधी तक्ता बघतात: तापमान इतकं, वारा इतका, धावपट्टी इतकी, तर वजन जास्तीत जास्त किती. आणि ट्रक? तो या तक्त्यात कुठे?

दुपारी साडेबारा. छत्तीस मिनिटं

चिकलठाण्याहून मुंबईला निघणाऱ्या विमानात आता ११२ प्रवासी आणि सहा कर्मचारी. एकूण ११८. भरगच्च विमान.

हे चढणारे लोक मला नेहमी विमानतळावरचे म्हणून नाही, एसटी स्टँडवरचे म्हणून दिसतात. कुणाच्या पिशवीत हिमरू शाल असेल, कुणाच्या हातात मुंबईच्या बैठकीची फाइल. मुंबई तासाभरावर. दारात हवाई सुंदरी नमस्कार करते. जागा शोधायची, पट्टा लावायचा, खिडकीची झडप वर करायची. बाहेर पांढरं ऊन आणि थरथरणारी हवा.

त्यांच्यातल्या कुणालाही बीड रोड माहीत असायची गरज नव्हती. तिकीट काढणाऱ्याने धावपट्टीच्या टोकाची चौकशी करून विमानात बसायचं नसतं. ती चौकशी त्याच्या वतीने कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते, या भरवशावर आपण सगळे पट्टा आवळतो.

दुपारी १२:५०. सोळा मिनिटं

आता एक छोटं गणित, कारण माझ्या मते सगळी गोष्ट याच गणितात आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, इकाओ, हिने विमानतळांसाठी नियमांचं एक परिशिष्ट केलं आहे, क्रमांक १४. त्यात एक अदृश्य उतार सांगितला आहे. धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटरवर जमिनीला टेकलेला, तिथून दर पन्नास मीटरला एक मीटर वर चढत जाणारा. मोठ्या धावपट्टीपुढे या उतारातून काहीही वर डोकावता कामा नये. उडणारं विमान या उताराच्या वर राहील, खाली असेल ते खालीच राहील, अशी ती वाटणी.

बीड रोड टोकापासून सुमारे १२२ मीटरवर. त्यातले ६० वजा करा, उरले ६२. दर पन्नासला एक, म्हणजे रस्त्यावर तो अदृश्य उतार सव्वा मीटरही उंच नव्हता. चार फूट. त्या रस्त्यावर सायकलवाल्याचं डोकंसुद्धा उतारातून वर येत होतं. कापसाच्या ट्रकच्या फाळक्यालाच चार फूट होतात. गाठी त्याच्या वर.

हे गणित मी नवीन शोधलेलं नाही. याच परिशिष्टात अडथळ्याच्या व्याख्येत स्थिर वस्तूंबरोबर हलत्या वस्तूही आहेत. अमेरिकेत विमानतळाजवळच्या सार्वजनिक रस्त्याची उंची मोजताना त्यावर सरळ पंधरा फूट जास्त धरतात, ट्रक असो वा नसो. रस्ता म्हटला की त्यावर कधीतरी ट्रक येणारच, म्हणून रस्ता हाच पंधरा फुटांचा अडथळा. तिकडे जिब्राल्टरला तर शहराचा मुख्य रस्ता धावपट्टीच्या मधूनच जात होता. विमान यायचं असलं की फाटक पडे, माणसं आणि मोटारी थांबत, विमान गेलं की पुन्हा रहदारी सुरू. २०२३ मध्ये वाहनांसाठी बोगदा झाला. तोवर दशकानुदशकं हे चाललं. रस्ता आणि धावपट्टी एकत्र नांदू शकतात. फक्त फाटक कुणाच्या हातात आहे हे ठरलेलं असावं लागतं.

दुपारी एक. सहा मिनिटं

विमान धावपट्टी क्रमांक ०९ वर. शून्य-नऊ म्हणजे होकायंत्रावर नव्वद अंश, तोंड पूर्वेला. समोर डांबर, डांबराच्या टोकाला थरथरणारी हवा, तिच्यापलीकडे कुठेतरी रस्ता.

उत्तरेकडून एक ट्रक बीड रोडवर येतो आहे. दाबून भरलेल्या कापसाच्या गाठी. त्या वेळी रस्त्यावरची वाहतूक कुणी थांबवलेली नाही. चालकासाठी हा रस्ता इतर कुठल्याही रस्त्यासारखा आहे आणि तो त्याच्या गतीने चालला आहे.

अर्धा-पाऊण मिनिट

विमान धावायला लागतं.

उड्डाणात दोन वेग आधीच काढून ठेवलेले असतात. पहिला व्ही-वन: इथपर्यंत काही बिघडलं तर ब्रेक दाबून थांबता येतं, त्यापुढे नाही. दुसरा, नाक उचलायचा. सहवैमानिक आकडा बघून "रोटेट" म्हणतो आणि उडवणारा वैमानिक दांडी हळू, एकसारखी मागे ओढतो. नाक वर येतं, पंख हवेला कलतात, तीन-चार सेकंदांत चाकं सुटतात. फार लवकर ओढलं तर शेपूट घासते. उशिरा किंवा चुकीच्या रीतीने ओढलं तर विमान डांबर खात पुढे जातं.

आणि डांबर किती खाल्लं जातं? या जातीचं विमान उडताना ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात असतं. सेकंदाला जवळजवळ सत्तर मीटर, म्हणजे २३० फूट. दोन सेकंदांचा उशीर म्हणजे साडेचारशे फूट. धावपट्टीचं टोक ते बीड रोड हे अंतर माणूस पळत गेला तर वीस-पंचवीस सेकंद घेईल. विमानाला दोन सेकंदही पुरे होतात.

नाक उशिरा उचललं गेलं, आणि उचलण्याची रीतही चुकली. विमानाने जवळजवळ धावपट्टीच्या टोकाला जमीन सोडली.

१:०६

डावं मुख्य चाक, डाव्या इंजिनाचं खालचं आवरण आणि त्यामागचं थ्रस्ट रिव्हर्सर ट्रकच्या डाव्या बाजूला आदळलं. रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर.

सात फूट. त्या गणिती उताराच्या तीन फूट वर. रस्ता रिकामा असता तर विमान सात फुटांवरून निघून गेलं असतं. आतल्या कुणालाही काही कळलं नसतं. वैमानिकांना मुंबईला उतरून आपला हात उशिरा ओढला गेला हे आठवलं असतं, कदाचित पुढच्या तपासणीत कुणी बोट ठेवलं असतं. रस्त्यावरच्या पानटपरीवर कुणी म्हणालं असतं, आज विमान फारच खालून गेलं.

ट्रक होता. त्यात रुई नव्हती, गाठी होत्या.

विमान तरीही वर गेलं. जखमी, डावीकडे वळत. ईशान्येला जवळजवळ तीन किलोमीटर. त्या वेगाने हे अंतर म्हणजे पाऊण मिनिट. पाऊण मिनिट फार मोठं असतं. स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळात एकदा बघावं. तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारा होत्या. विमान तारांना अडकलं, जमिनीवर आदळलं आणि पेटलं.

एकशे अठरांपैकी पंचावन्न माणसं गेली. त्रेसष्ट वाचली.

संध्याकाळ

आमच्या घरी बातमी रेडिओवर आली. कापसाचा ट्रक हे शब्द ऐकले आणि काका ताटावरून उठले. त्या दिवशी त्यांच्या जिनिंगमधून कुठे-कुठे गाड्या निघाल्या होत्या हे ते मनात मोजत होते. ती गाडी त्यांची नव्हती. तरी रात्री ते ओट्यावर बसून राहिले आणि बऱ्याच वेळाने आईला म्हणाले, "वयनी, गाठ नसती आन् सुट्टा कापूस असता, तं फाटून गेला असता वो." त्या माणसाने आयुष्यभर गाठी घट्ट बांधल्या होत्या. घट्ट बांधणं हेच त्याचं चांगलं काम होतं.

नंतर

चौकशीत दोन कारणं निघाली. एक, वैमानिकांनी नाक उशिरा उचललं आणि उचलण्याची पद्धत चुकली. दोन, विमानांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरलं.

पहिलं कारण लोकांच्या लक्षात राहिलं, कारण त्याला चेहरा होता. कॉकपिटमध्ये दोन माणसं बसलेली डोळ्यांसमोर येतात. दुसऱ्या कारणाला चेहरा नाही. तिथे फक्त एक न थांबलेला रस्ता आहे. पण मला दुसरं कारण मोठं वाटतं आणि मी ते ठामपणे म्हणतो. माणसाचा हात दोन सेकंद चुकतो. जगभर रोज चुकत असेल. टोकापलीकडची मोकळी जमीन, मोजलेला उतार, थांबवलेला रस्ता हे सगळं त्या दोन सेकंदांसाठीच असतं. चूक होणारच आहे असं धरून जे आधी बांधून ठेवलं जातं, त्याला नियमन म्हणतात.

१९९५ मध्ये राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण आणि आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण एकत्र होऊन आजचं भारतीय विमानतळ प्राधिकरण झालं. २००३ च्या नोव्हेंबरपासून इकाओने सगळ्या सदस्य देशांना आंतरराष्ट्रीय विमानतळ प्रमाणित करणं बंधनकारक केलं. आपल्याकडे विमान नियमांमधल्या नियम ७८ मध्ये दुरुस्ती झाली आणि नियमित प्रवासी विमानं जिथे उतरतात त्या विमानतळाला डीजीसीएचा परवाना आवश्यक ठरला, विमानतळ सरकारी असला तरी. घरचंच असलं तरी परक्याने टेप लावायची, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

परवान्याचा प्राण म्हणजे विमानतळाची नियमपुस्तिका, एरोड्रोम मॅन्युअल. नाव रुक्ष आहे. पण तीत धावपट्टीची लांबी-रुंदी, टोकापलीकडची सुरक्षित जागा, आसपासच्या अडथळ्यांचे नकाशे, अग्निशमनाच्या गाड्या, पक्षी हाकलायची व्यवस्था, कुंपण, अशा एकेका बाबीपुढे जबाबदार कोण ते लिहावं लागतं. मी अशी पानं पाहिली तेव्हा मला वाटलं, हा त्या बीड रोडचा सातबारा आहे. जमिनीचा एकही तुकडा बेवारस राहू नये म्हणून आपल्या तलाठ्याने जसं नाव चढवायचं, तसं.

परवाना आला म्हणजे अपघात संपले असं झालं नाही. २२ मे २०१० ला मंगळूरला एक विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं, टोक ओलांडून अँटेनाच्या बांधकामाला धडकलं आणि दरीत गेलं. १५८ माणसं गेली. ७ ऑगस्ट २०२० ला पावसात कोळिकोडला तसंच घडलं; २१ गेले. त्यातले एक कॅप्टन दीपक साठे, आपल्या नागपूरचे, वायुदलात नोकरी केलेले. दोन्हीकडे धावपट्टी डोंगरमाथ्यावरची, आणि दोन्ही वेळा प्रश्न तोच: टोकानंतर किती जागा, आणि ती कशी? पण दोन्हीकडे निदान कागद होता, मोजमाप होतं, कुणाला काय विचारायचं ते ठरलेलं होतं. औरंगाबादच्या वेळी अशा परवान्याची सक्तीच नव्हती.

चिकलठाण्याची धावपट्टी पुढे वाढवली गेली. आज ती ९,३०० फुटांची आहे. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, पण विमानाआधी परवाना आला. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी वाढवा, ही मागणी आमच्या भागात वर्षानुवर्षं चालू आहे आणि ती रास्त आहे. कागदपत्रं पुरी व्हायला वेळ लागला की लोक वैतागतात, पुढारी तारखा देतात. मीही वैतागलो आहे. मग मला चारशे फूट आठवतात.

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. त्याच वर्षी १२ जूनला अहमदाबादला विमान कोसळलं. आठवड्याच्या आत अडथळे पाडण्याच्या नव्या नियमांचा मसुदा निघाला, इमारती आणि झाडं यांच्यासाठी. चांगलंच आहे ते. मी तो वाचताना चालत्या ट्रकला शोधत होतो.

उंद्री

गेल्या हिवाळ्यात गावातल्या हॉटेलसमोर गाठींनी भरलेला ट्रक उभा होता. चालक चहा पीत होता. मी घरून सुताराची टेप आणली. खालचं टोक रस्त्यावर धरलं आणि वर नेत गेलो. चाक, हौद, फाळका. चार फुटांवर फाळक्याची सुरुवात. सात फुटांवर गाठींचा दुसरा थर आणि नेमकी तिथे एक लोखंडी पट्टी. बारदान थोडं फाटलेलं, आतून पांढरी रुई दिसत होती. मी अंगठा दाबून बघितला. जात नव्हता.

"काय मोजता, भाऊ?" चालकाने विचारलं.

मी सांगितलं. औरंगाबाद, त्र्याण्णव, विमान, ट्रक. तो माझ्याहून लहान होता, त्याने हे कधी ऐकलं नव्हतं. पट्टीकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "गाडी थांबवाले कोणीच नव्हतं का तिथं?"

"थांबवली नाही कोणी," मी म्हणालो.